जुना पाना चालेल, जुनी पिन नको

सोमवारी सकाळी तोड झाली आणि बुधवारी दुपारी काटा झाला, अशी तक्रार घेऊन आपले एक सभासद गेल्या महिन्यात गट ऑफिसात आले होते. आम्ही तेव्हा तेथेच होतो. त्यांचे म्हणणे साधे होते. "माझा ऊस दीड दिवस ओढ्याच्या पुलावर उन्हात वाळत पडला. त्याचं गेलेलं वजन कुणी भरून द्यायचं?" शेती विभागाच्या मंडळींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पण उत्तर कुणाकडेच नव्हते.

झाले होते असे. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ओढा ओलांडून पलीकडचा चढ चढत होता. ड्रायव्हरने गिअर बदलला, गाडीला हिसका बसला आणि मागल्या ट्रॉलीची पिन तुटली. ट्रॉली उलटी घरंगळत पुलाच्या कठड्याला धडकली व आडवी झाली. पाठीमागे त्या वेळी ना माणूस होता, ना मोटारसायकल. असती तर आम्हाला हा लेख न लिहिता दुसरेच काही छापावे लागले असते.

ट्रॉलीचे मालकही आपलेच सभासद. दुसऱ्या दिवशी ते पिनेचे दोन तुकडे फडक्यात बांधून कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आले. आपल्या एका जुन्या फिटरने ते तुकडे उजेडात धरले आणि आम्हाला जवळ बोलावले. "हे तुटलेलं तोंड बगा. अर्धं काळपट, गंजलेलं. अर्धं चकचकीत. चकचकीत हाय ते काल तुटलं. काळं हाय ते कवाच चिरलंय. रोज थोडं थोडं चिरत आलं, कुणी बगितलं न्हाई." पिन कसली होती? बांधकामाच्या सळईचा तुकडा, वर वेल्डिंगने चिकटवलेली चकती. मधोमध झिजून कंबर पडली होती, आणि त्या कंबरेवर पुन्हा एकदा वेल्डिंग चढवलेले होते.

ते दोन तुकडे पाहून आमच्या मनात आले की वाहनमालक सामान घेतात कसे, कुणाला विचारून घेतात आणि पैसे कुठे वाचवतात, हे एकदा बसून ऐकावे. म्हणून आम्ही दोन रात्री केन यार्डात काढल्या. काट्यावर नंबर लागेपर्यंत चार-सहा तास सहज जातात. गव्हाण बंद पडली तर विचारायलाच नको. यार्डाच्या कुंपणाबाहेर चहाच्या टपरीशी शेकोटी असते. तेथे जी शाळा भरते तिला मास्तर नाही, पण विद्यार्थी सगळे जाणते.

ज्या सभासदांच्या दारात ना ट्रक ना ट्रॅक्टर, त्यांना वाटेल की हे आमच्या कामाचे नाही. तसे नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. ती कारखान्याच्या दारातली किंमत. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होऊनच आपल्या हाती बिल पडते. रस्त्यात गाडी मोडली की मालकाचा दिवस जातो, टोळी फडात बसून राहते, आणि तोडलेल्या उसाचे वजन तर तासातासाने घटत असते. वजन घटते ते सभासदाचे. उसातली साखर फुटून उतारा घटतो तो कारखान्याचा, म्हणजे पुन्हा आपलाच. तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा असे शेतकी अधिकारी सांगत असतात, ते उगीच नव्हे.

आता शेकोटीवरचे बोलणे.

पहिला विषय अर्थातच पिनेचा निघाला, कारण पुलावरची गोष्ट तोवर सर्वांना कळली होती. नदीपलीकडचे एक ट्रॅक्टरमालक, वीस-बावीस हंगाम काढलेले, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांचे मत असे की पिन दुकानात रंग बघून घ्यायचीच नाही. उद्यमनगरात किंवा तालुक्याच्या गावी लेथवाल्याकडे जावे, ईएन-८ चा गज आपल्या डोळ्यांदेखत कापून घ्यावा, ट्रॉलीच्या दांड्याच्या भोकाचे माप देऊन पिन कातून घ्यावी. हा मध्यम कार्बनचा पोलादी गज, साध्या सळईपेक्षा कणखर. भोक मोठे आणि पिन बारीक असली की प्रत्येक हिसक्याला हातोडा मारल्यासारखे होते. भोकच लांबट झाले असेल तर नवी पिन घालून उपयोग नाही. आधी भोकात बुश बसवून घ्यावे.

"आणि झिजलेल्या पिनेवर वेल्डिंग मारायचं न्हाई," मामा म्हणाले. एका तरुणाने विचारले, का? वेल्डिंगने तर जाडी भरून निघते. मामांना कारण सांगता येईना. ते एवढेच म्हणाले, "मारल्यावर तुटत्यात. म्या तीन बगितल्या." कारण आम्ही दुसऱ्या दिवशी फिटरला विचारून घेतले. असा गज नुसता तापवून तसाच गार झाला की वेल्डिंगशेजारचा पट्टा काचेसारखा कडक होतो. कडक झाला म्हणजे ठिसूळ झाला. बाहेरून जाड दिसते आणि आतून चीर धरते. मामांनी तीन पिना मोडून जे शिकून ठेवले होते तेच फिटरने दोन वाक्यांत सांगितले.

पिनेला खाली लॉकपिन हवी, तारेचा तुकडा नव्हे. आणि पिनेच्या जोडीला एक सुरक्षा साखळी, ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीला आणि पहिलीपासून दुसरीला. पिन गेलीच तर ट्रॉली साखळीवर लटकते, माघारी पळत नाही. त्या रात्री यार्डात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांपाशी आम्ही बॅटरी घेऊन फिरलो. साखळी असलेले मोजून चार निघाले. किती ट्रॅक्टर पाहिले तो आकडा छापत नाही. ज्याचे त्याला माहीत आहे.

मग विषय सोलांवर गेला. जुन्या मंडळींना अंबाडीची आणि तागाची सोल आठवते. ओली झाली की आखडायची, वाळली की सैल पडायची, पण तुटायच्या आधी पेड सुटताना दिसायचे. आता सगळीकडे नायलॉन आणि प्लास्टिकचा दोर आला. दोन्ही एकच समजू नयेत. नायलॉन ताणला की लांबतो, झटका सोसतो. प्लास्टिकचा (पॉलिप्रॉपिलीनचा) स्वस्त, हलका, पण उन्हाने खराब होतो. दोन हंगाम ट्रकच्या टपावर पडलेला दोर हातात घेऊन चोळा, पांढरा भुगा निघाला तर तो गोठ्याकडे लावा, उसाला नको. एक ट्रकमालक म्हणाले, "पावत्यांचं पाकीट जपतो तसा दोर जपतो मी. सीटमागं, पोत्यात." त्यांच्या ट्रकच्या हौद्याला वरच्या लोखंडी कडेवर जुन्या टायरचे तुकडे बोल्टने बसवलेले आम्ही पाहिले. दोर ओझ्याने क्वचित तुटतो, धारेवर कापला जाऊन तुटतो, असा त्यांचा अनुभव. टायरचे तुकडे पंक्चरवाल्याने फुकट दिले होते.

गाठीविषयी मात्र चर्चा चांगलीच रंगली. तुटलेल्या दोराला गाठ मारली की काम झाले असे बहुतेकांना वाटते. गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यावर येते हे ऐकून काहींनी मान हलवली, काही हसले. मामांनी आपला जुना दोर आणून दाखवला. त्यात गाठ नव्हती, पेड उलगडून एकमेकांत विणलेले होते. हे विणकाम येणारी माणसे आता कमी झाली. ज्यांना येते त्यांनी पोरांना शिकवावे.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनी एकमुखाने सांगितली, म्हणून येथे देतो. फडातून निघताना कितीही आवळले तरी दोन-तीन किलोमीटरवर मोळ्या दबतात आणि सोल सैल पडते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी गाडी थांबवून पुन्हा आवळावे. यात पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

आता वायर रोप. ऊस भरण्याआधी हौद्यात ज्या आडव्या टाकतो आणि गव्हाणीवर क्रेन ज्यांना धरून उचलते, त्या दोऱ्या. येथे आम्हाला सर्वांत जास्त चुका दिसल्या, आणि येथेच स्वस्ताचा मोह सर्वांत जास्त. भंगारवाल्याकडे क्रेनवरून उतरवलेली वायर किलोवर मिळते. बाहेरून ग्रीस लावलेली, काळीभोर, झकास. पण ती क्रेनवाल्याने उतरवली का, हे कुणी विचारत नाही. नेहमीच्या वायरीत सहा पेड असतात, पेडात एकोणीस किंवा अधिक तारा, आणि पुष्कळ वायरींत मधे तागाचा गाभा. तो गाभा तेल धरून ठेवतो. गाभा वाळला की आतल्या तारा एकमेकींना खातात, आणि ते बाहेरून दिसत नाही. फिटरने सांगितलेली पारख अशी: मापाने जाडी मोजावी, मूळ मापापेक्षा दहावा हिस्सा कमी भरली तर वायर संपली. हातमोजा घालून लांबीवर चिंधी फिरवावी. जागोजागी चिंधी अडकली, म्हणजे तुटक्या तारा वर आल्या, तर संपली. एकदा चेपलेली किंवा गुंता होऊन मोडलेली वायर सरळ करून वापरू नये. नवी घेताना आयएस २२६६ या मानकाची आहे का ते विचारावे आणि कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटपासून आपल्या तालुक्यापर्यंत कुठलाही सरळ दुकानदार ते देतो. जो "कशाला हवंय" म्हणतो त्याच्याकडून चहा प्यावा, वायर घेऊ नये.

वायरीला डोळा करताना क्लॅम्प लावतात. यू-बोल्ट कुठल्या बाजूला आणि बैठक कुठल्या बाजूला, याचा विचार न करता एक असा, एक तसा लावलेला आम्ही डझनावारी पाहिला. खोबणीची बैठक ओझे घेणाऱ्या लांब दोरावर यावी, आणि वाकडा यू-बोल्ट उरलेल्या आखूड टोकावर. यू-बोल्ट वायरीला चावतो. जी बाजू ओझे घेते तिला चावू देऊ नये. निदान तीन क्लॅम्प, सगळे एकाच दिशेने, डोळ्यात लोखंडी थिंबल, आणि पहिले ओझे उचलून झाल्यावर नट पुन्हा आवळायचे. वीस वर्षे ट्रक चालवणाऱ्या एका मालकांनी हे ऐकून तिथल्या तिथे पाना काढला आणि रांगेतच आपले क्लॅम्प फिरवले. आम्हाला त्या दोन रात्रींत याहून समाधानाचे दुसरे काही दिसले नाही.

आणखी एक. दोन पायांच्या दोरीने मोठे बंडल उचलताना पाय जितके फाकतात तितका त्यांच्यावर ताण वाढतो. दोन्ही पाय उभे असले तर अर्धे-अर्धे ओझे. दोहोंमधला कोन १२० अंशांचा झाला की एकेका पायावर पुरे ओझे येते. म्हणून वायर आखूड पडली तर ओढून-ताणून अडकवू नये. आणि बंडल हवेत असताना खाली मोळ्या गोळा करायला जाणारी पोरे आणि बायामाणसे, यांना हाकलायचे काम ड्रायव्हरचे, क्लीनरचे, वॉचमनचे आणि आमचेही.

फडात रुतलेली गाडी काढण्याच्या गोष्टी रात्रभर संपल्या नसत्या. त्यातल्या दोन सांगतो. एक, दुसरा ट्रॅक्टर लावून ओढताना साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला अडकवायची. वरच्या पॉइंटला अडकवली आणि मागचे चाक रुतलेले असले, तर चाक फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच पुढून उचलतो आणि ड्रायव्हरच्या अंगावर मागे उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. हे सांगणारा गडी बोलता बोलता थांबला. त्याचा चुलतभाऊ असाच गेला होता. शेकोटीवर कुणी काही बोलले नाही. कुणीतरी चहा सांगितला.

दुसरी गोष्ट चहा आल्यावर निघाली. ओढताना दोराच्या रेषेत कुणी उभे राहायचे नाही, आणि दोराच्या मधोमध एक ओले पोते टाकायचे. दोर तुटलाच तर पोत्याच्या वजनाने खाली पडतो, चाबकासारखा येत नाही. नायलॉन दोराचा फटका तर फारच वाईट, कारण तो ताणून लांब झालेला असतो.

आता हत्यारांकडे येतो. या विषयावर तरुण मंडळी अधिक बोलली, कारण ती मोबाईलवर माल मागवतात. एकाने वीस टनी म्हणून बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक मागवला होता. पेटी देखणी, किंमत बाजारातल्या निम्मी. भरलेल्या ट्रॉलीखाली लावला, चाक उचलले, आणि नट सोडेपर्यंत जॅक हळूहळू बसत गेला. त्याचे नशीब की हात बाहेर होता. "वीस टन लिव्हलेलं हुतं वो!" तो सांगत होता. मामा म्हणाले, "पेटीवर लिव्हलेलं पेटीला लागू. तुला कुठं?"

जॅकच्या बाबतीत सर्वांचे एकमत असे. नवा जॅक घरी आणला की आधी रिकाम्या, मग भरलेल्या ट्रॉलीखाली लावून दहा मिनिटे तसाच ठेवावा. खडूने खूण करावी. खूण सरकली तर परत करावा. मोबाईलवर घेतला तर परत करण्याची मुदत बघून घ्यावी आणि त्या मुदतीतच ही परीक्षा करावी. शेतातल्या मऊ मातीवर जॅकखाली जाड फळी हवी. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. उचलून झाले की सागाचा किंवा बाभळीचा ठोकळा खाली सारायचा, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, मगच हात घालायचा. तेल संपले म्हणून ब्रेक ऑइल ओतण्याची सवय काहींना आहे. त्याने आतली रबरी सील फुगते आणि चांगला जॅकही जातो. हायड्रॉलिक तेलच घालावे.

पान्यांच्या बाबतीत मात्र शेकोटीने आम्हाला उलटेच शिकवले, आणि लेखाचे नाव आम्ही तेथूनच घेतले. आम्हाला वाटत होते की नवे ते चांगले. पण अनुभवी मालक सांगतात, स्वस्तातल्या नव्या पान्यांच्या सेटपेक्षा जुन्या बाजारातला ठोकीव पाना शंभर पटीने बरा. पुण्याचा जुना बाजार असो की आठवड्याच्या बाजारात पोत्यावर मांडलेले भंगार असो, तेथे जालंधर-लुधियानाकडे बनलेले जुने घडीव पाने मिळतात. घासून गेलेला नाव-नंबर, वरचा मुलामा उडालेला, पण पोलाद अस्सल. पाहायचे एवढेच: तोंड फाकलेले नाही ना, रिंगच्या कोपऱ्यात चीर नाही ना, आणि कुणी त्यावर हातोड्याने ठोकून दांडा वाकवलेला नाही ना. खिशात एक नवा नट ठेवावा आणि तो पान्यात बसवून हलवून पाहावा. ढिला वाटला तर पुढच्या पोत्याकडे.

उलट मोबाईलवरचा चकचकीत सेट दहा-पंधरा पान्यांचा, किंमत एका चांगल्या पान्याएवढी. पहिल्याच अडलेल्या नटाला तोंड फाकते, नटाचे कोपरे गोल होतात, आणि बोटांची सालटी निघतात. मग नट छिन्नीने तोडावा लागतो. वाचलेले पैसे गॅरेजवाल्याला जातात. एका ट्रकमालकांचा हिशेब आम्हाला पटला: सगळे पाने घ्यायचेच कशाला? आपल्या गाडीला कुठल्या मापाचे नट आहेत ते वहीत लिहा आणि तेवढीच पाच-सहा मापे चांगली घ्या. घण, पहार, छिन्नी, फनेल, बादली ही जुनी-पुराणी, मिळेल तिथून घ्या. ग्रीस गनही जुनी चालेल, नळी बदलून. चाकाचा पाना मात्र अस्सल हवा. काही जुन्या ट्रकना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, हे नव्या क्लीनरला आधी सांगून ठेवावे; नाही तर तो सोडायच्या ऐवजी जोर लावून आवळत बसतो. चाक बसवताना नट शेजारशेजारचे न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. ४.६ आणि ८.८ हे दोन्ही बोल्ट दुकानात एकाच जाडीचे दिसतात, पण ८.८ ची ताणाची ताकद दुप्पट. आकडाच नसेल तर तो ट्रॉलीच्या दांड्याला लावू नये.

दुसऱ्या रात्री आम्हाला सहकाराचा एक छोटा नमुनाही ऐकायला मिळाला. एका गावच्या सात वाहनमालकांनी मिळून एक तीन टनी चेन पुली, एक मोठा जॅक आणि दोन लांब साखळ्या सामाईक घेतल्या आहेत. एकट्याला परवडल्या नसत्या. सामान एकाच्या घरी असते आणि दाराला वही टांगलेली. नेणाऱ्याने सही करायची, आणून ठेवताना पुसून, तेल लावून ठेवायचे. सगळे सुरळीत चालले असे नाही. पहिल्याच हंगामात एक साखळी गेली ती गेलीच, आणि वहीत त्या दिवशी सही नव्हती. त्यावरून दोघांचे बोलणे बंद झाले ते दिवाळीपर्यंत. मग नियम केला की वही कोरी असेल तर पैसे सातही जणांनी भरायचे. तेव्हापासून प्रत्येक जण दुसऱ्याची सही बघतो. १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून कारखाना उभा केला, त्यांनाही अशा वह्यांचे हिशेब सांभाळावे लागलेच असतील.

वाहनमालकांची बाजूही येथे मांडली पाहिजे. टोळीला उचल द्यायची, मुकादम उचल घेऊन आलाच नाही तर ते पैसे बुडीत, डिझेल, हप्ते, टायर. पैसे मिळतात टनावर आणि अंतरावर. म्हणून गाडीवर जास्त चढवायचा मोह होतो. २०१८ साली केंद्राने दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली, तीन आसांची २५ वरून २८.५ टन. तरीही पुष्कळ गाड्या त्यापुढे जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. एक मालक म्हणाले, "दंडाचं भ्या न्हाई साहेब, पाट्याचं भ्या हाय. पाटा तुटला की आठवडा गेला." आमचे म्हणणे असे की वर सांगितलेली पिन, वायर, जॅक ही सगळी ठरल्या भाराच्या हिशेबाने घेतलेली असतात. दीडपट चढवल्यावर अस्सल मालही स्वस्तातला होतो. आणि हंगामाआधी करार करताना कारखान्याने वाहनाची कागदपत्रे पाहावीत तशी पिन, साखळी आणि वायरही पाहावी, हे आम्ही शेती विभागाला लेखी कळवले आहे.

राहिली एक वस्तू. आमच्या मते सामानात सर्वांत स्वस्त तीच आणि सर्वांत जास्त टाळली जाते तीही तीच. मागच्या बाजूचे लाल रिफ्लेक्टर आणि चमकती पट्टी. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. उसाची वाढे मागे लोंबतात आणि असलेले रिफ्लेक्टरही झाकतात. म्हणून ते हौद्याच्या खालच्या कडेला, फाळक्याखाली लावावेत आणि ऊस भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा पाहावे. मागे या विषयावर आम्ही स्वतः फार गंभीर नव्हतो. चार वर्षांपूर्वी पौष महिन्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, कारखान्यावरून घरी जाताना आमच्या स्कूटरच्या उजेडात एकाएकी उसाची भिंत आली. पंक्चर झालेली ट्रॉली, दिवा नाही, पट्टी नाही, मागे दगडसुद्धा नाही. आम्ही ब्रेक दाबून घसरत गेलो आणि वाढ्यांत तोंड घालून थांबलो. खरचटण्यावर निभावले. ड्रायव्हर पलीकडे झाडाखाली झोपला होता; उठून तो आम्हालाच म्हणाला, "हळू यायचं की वो."

त्याला रागे भरण्याचेही आम्हाला त्राण नव्हते. घरी आल्यावर लेकीने स्वेटरमधून उसाचे पान उपटून काढले.

पुलावरच्या त्या सभासदांचा ऊस शेवटी वजनाला किती कमी भरला याचा हिशेब लागला नाही, कारण ओल्या वजनाचा आकडा कुणाकडेच नव्हता. ट्रॉलीमालकांनी त्यांच्या घरी जाऊन पुढच्या लागणीचे बियाणे आपल्या वाहनाने फुकट आणून देण्याचे कबूल केले आहे, आणि दोघे बोलतात. नवी पिन लेथवर कातून झाली. साखळीही आली.

वायरीचा डोळा विणणारे किंवा दोराचे पेड जोडणारे कुणी सभासद असतील तर त्यांनी आपले गाव व गट कळवावा. यार्डातच एखादे दिवशी सकाळी ते काम सर्वांना दाखवण्याची व्यवस्था करता येईल. तसेच गावागावात सामाईक सामान घेतले असेल तर त्याचे नियम काय केले, तेही पोस्टकार्डावर किंवा गट ऑफिसातल्या चिठ्ठी-मुलाकडे लिहून द्यावे. पुढील अंकात छापू.